पुरावा तुमच्याच कपाटात आहे

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : नोकरीत आजारी पडलेल्या सैनिकांवरचं पुराव्याचं ओझं उतरवण्याबाबत.

महोदय,

14 जानेवारीला देशभर माजी सैनिक दिन पाळला जातो. जनरल करिअप्पा, जे पुढे फील्ड मार्शल झाले, ते 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले होते. आमच्याकडे नेमकी तेव्हाच संक्रांत असते, त्यामुळे तिळगुळासोबत कुठे ना कुठे शाल-श्रीफळही दिलं जातं. भाषणं होतात, फोटो निघतात, आणि सत्कार झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घ्यायला माझ्या दवाखान्यात येतो.

मी सातारा जिल्ह्यात डॉक्टरकी करतो. हा जिल्हा किती पिढ्यांपासून फौजेला माणसं पुरवतोय, हे आपल्याला सांगायला नको. आमच्या तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. फौजेतून परतलेला माणूस शिपाई असो की सुभेदार, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. माझ्या नोंदवहीत असे मेजर पुष्कळ आहेत. तोफखान्यात नोकरी केलेल्यांच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते आणि घरात टीव्हीच्या आवाजावरून भांडणं होतात. पाठीवर वजन घेऊन वर्षानुवर्षं चढ-उतार केलेल्यांचे गुडघे पन्नाशीच्या आतच संपलेले असतात. बर्फात राहून आलेल्यांची बोटं थंडीत काळीनिळी पडतात. आणि काही जण झोपेची गोळी मागतात, पण ती कशासाठी हवी ते सांगत नाहीत. सांगितलं तर बँकेच्या दारावरची सिक्युरिटीची नोकरी जाईल आणि मुलीच्या सोयरिकीत विघ्न येईल, ही भीती असते.

दिसणाऱ्या जखमेला या देशानं न्याय दिलाय, हे आधी मोकळेपणानं मान्य करतो. आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातच त्याची उदाहरणं आहेत. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 पासून अपंग सैनिकांना हातकाम शिकवते. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं खडकीचं पुनर्वसन केंद्र 1974 चं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक देऊन गेले. अशा माणसाकडे पाहून कुणी विचारत नाही की, ही गोळी खरंच नोकरीत लागली का?

हा प्रश्न विचारला जातो तो ज्याचं रक्त घट्ट झालं, ज्याला झटके यायला लागले, ज्याचं मन बिघडलं त्याला. त्याची जखम आतली असते. तो घरी जायला निघतो तेव्हा मेडिकल बोर्ड बसतं, आणि बोर्डाच्या कागदावर आजाराच्या नावापुढे एक शेरा उमटतो : हा आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात बहुतेकदा ‘प्रकृतिदोष’ किंवा ‘आनुवंशिक’ एवढंच असतं. त्या शेऱ्याबरोबर अपंगत्वाचं पेन्शन संपतं. पुढची लढाई त्या माणसानं एकट्यानं, वकिलाची फी स्वतः भरून लढायची असते.

वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षं काढल्यावर मला या शेऱ्यातली एक गोष्ट पटत नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. भरतीच्या मैदानावर तुमचे डॉक्टर पोराला किती बारकाईनं तपासतात ते आमच्या भागातलं प्रत्येक घर जाणतं. तळवे सपाट आहेत का, उभं राहिल्यावर गुडघे एकमेकांना घासतात का, छाती किती फुगते, दात किती आहेत, कान स्वच्छ आहेत का, सगळं पाहिलं जातं. एवढ्यातेवढ्यावरून पोरं बाद होतात आणि रडत घरी येतात. त्या चाळणीतून जो पार पडला, तो निरोगी आहे असं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. पुढे दरसाल तपासणी होते, कॅटेगरी ठरते, कमी होते, वाढते. तो कुठल्या चौकीवर किती महिने होता, केव्हा आजारी पडला, कुठल्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये त्याला काय झालं, याची प्रत्येक नोंद तुमच्याच कार्यालयात असते. तो घरी येतो तेव्हा त्याच्या ट्रंकेत गणवेश असतो, पदकं असतात, कोर्सची प्रमाणपत्रं असतात. या नोंदी नसतात. मग सेवा आणि आजार यांचा संबंध आहे की नाही, हे सिद्ध कुणी करायचं? ज्याच्याकडे कागद आहेत त्यानं, की ज्याच्याकडे ते नाहीत त्यानं?

गंमत अशी की उत्तर तुमच्याच नियमांत लिहिलेलं होतं. 1982 च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी ज्याची नोंद नाही तो आजार नोकरीत झाला असं मानायचं होतं. पात्रता सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नव्हता. शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्यायचा होता, आणि फील्डमध्ये काम केलेल्याला तो अधिक उदारपणे द्यायचा होता. हा नियम पाळला जात नव्हता म्हणून 2013 साली सर्वोच्च न्यायालयाला धरमवीर सिंग खटल्यात तोच पुन्हा समजावून सांगावा लागला. न्यायालयानं पुढे हेही सांगितलं की, भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्यानं कारण लिहिलं पाहिजे. त्यानंतरच्या कित्येक निकालांत तीच तत्त्वं पुन्हा पुन्हा आली. तरीही फाईली चालूच राहिल्या.

त्या किती काळ चालतात याचं एक उदाहरण. एक जवान 1985 साली भरती होतो, सियाचीनवर जातो, झटके येऊ लागतात, आणि 1989 साली त्याला घरी पाठवलं जातं. त्याच्या हक्काचा अखेरचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये दिला. भरतीच्या वेळचं तरणं पोर निकालाच्या दिवशी आजोबाच्या वयाचं झालं होतं. दुसरं प्रकरण एका वीरपत्नीचं. जानेवारी 2013 मध्ये सीमेवर भयंकर थंडीत गस्त घालताना तिच्या नवऱ्याचं हृदय बंद पडलं. तिला वाढीव कुटुंब पेन्शन मिळावं असा आदेश लष्करी न्यायाधिकरणानं दिला, तर सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयानं ते अपील फेटाळलं आणि सरकारनंच पन्नास हजार रुपये त्या बाईंना द्यावेत असा आदेश दिला. महोदय, पन्नास हजार हा आपल्या मंत्रालयासाठी मोठा आकडा नाही. पण हे अपील करायचं असं कुणीतरी एका टेबलावर बसून ठरवलं होतं. ते टेबल आपल्या अखत्यारीत आहे.

आमच्या मातीचा आणि आपल्या खुर्चीचा जुना संबंध आहे. 1962 च्या पराभवानंतर नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना दिल्लीत बोलावलं, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र अभिमानानं म्हणाला. कऱ्हाडचा तो माणूस संरक्षणमंत्री झाला त्या काळात हजारो जवान सपाटीवरून थेट उंच पहाडावर नेले जात होते, आणि तिथे गोळी न लागताच कोसळत होते. त्यांना तपासणाऱ्या भारतीय लष्करी डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1,925 सैनिकांच्या आजाराचा अभ्यास 1969 साली जगातल्या अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. उंचीच्या आजारावर जगभर आजही त्याचा आधार घेतला जातो. पुढे 1984 च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं आणि आपली माणसं सियाचीनवर कायमची राहू लागली. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आणखी एक भारतीय अभ्यास आला. 5,800 ते 6,700 मीटर उंचीवर काही आठवडे काढलेल्या जवानांच्या अंगावर सूज येत होती आणि त्यांचं हृदय कमजोर पडत होतं, हे त्यात नोंदवलं होतं. भरती झाले तेव्हा ही तरणीबांड, धडधाकट माणसं होती.

म्हणजे उंचीमुळे रक्त घट्ट होतं, गुठळ्या होतात, फुप्फुसात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो, हे जगाला शिकवण्यात भारतीय फौजेच्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. त्याच फौजेचं बोर्ड त्याच उंचीवरून आलेल्या माणसाला ‘प्रकृतिदोष’ असा शेरा देतं, तेव्हा डॉक्टर म्हणून मला लाज वाटते. बोर्डावरचा माझा व्यवसायबंधू वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर दिवसभरात अनेक फाईली असतात, छापील फॉर्म असतो, आणि नकाराचं स्पष्टीकरण त्याला कुणी मागत नाही. मंजुरी दिली तर मात्र वरून प्रश्न येऊ शकतो. अशा व्यवस्थेत कुठल्याही माणसाचा हात नकाराकडेच वळेल.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे, आणि ती टाळून लिहिणं बरोबर होणार नाही. महालेखापरीक्षकांनी अपंगत्व पेन्शनच्या वाढत्या संख्येवर बोट ठेवलं. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांमध्ये हे पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीच्या आसपास असल्याचं त्यांना दिसलं, आणि रक्तदाब व मधुमेह हे आजार यादीत वर आढळले. शांततेच्या ठाण्यावर, व्यायाम सोडून, वजन वाढवून झालेल्या मधुमेहाचा भार करदात्यानं का उचलावा, हा प्रश्न रास्त आहे. खोटा दावा करणाऱ्याला पकडाच. माझ्या दवाखान्यातल्या मेजरांनाही तेच हवं आहे, कारण अशांच्यामुळे संशय त्यांच्यावर येतो. या पार्श्वभूमीवर आपल्या मंत्रालयानं 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी नवी मार्गदर्शिका आणली. आधी निवृत्त झालेल्यांना ते लागू नाहीत, असंही सांगितलं. पण चाळणी बारीक करताना तिची भोकं कुणाच्या मापाची ठेवायची, हा प्रश्न उरतोच. दुरुपयोगाची तक्रार मुख्यतः वरच्या हुद्द्यांबद्दल असेल तर त्याची शिक्षा बर्फावरून आलेल्या शिपायानं का भोगावी? अधिकाऱ्याला वकील परवडतो, इंग्रजी फाईल वाचता येते, ओळखीही असतात. शिपायाकडे तालुक्याला जाणारी एसटी असते.

यावर तोडगा आहे, आणि त्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. 2015 साली संरक्षणमंत्री असलेल्या मनोहर पर्रीकरांनी, गोव्याच्या मातीतल्या माणसानं, मंत्रालयाचे खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिच्यात निवृत्त सेनाधिकारी होते, वकील होते, आणि कारगिलमध्ये स्वतः जायबंदी झालेला एक अधिकारीही होता. अपंगत्वाच्या लाभांविरुद्धची अपिलं थांबवावीत, असं त्या समितीनं सांगितलं. तो अहवाल आपल्याच मंत्रालयात आहे. अमेरिकेनं वेगळा मार्ग धरला. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मुळे आणि पुढे इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांतल्या धुरामुळे त्यांचे सैनिक आजारी पडले. प्रत्येकानं आपापला धूर सिद्ध करायचा, असं अनेक वर्षं चाललं. मग 1991 च्या आणि 2022 च्या कायद्यांनी ठरवलं की, अमुक ठिकाणी, अमुक काळात होता आणि यादीतला आजार झाला, तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. ती युद्धं त्यांची, चुकाही त्यांच्या. पण ही युक्ती उचलण्यासारखी आहे, कारण तीत प्रत्येक माणसाला न्यायालयात जावं लागत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही. आपल्या लष्करी वैद्यकीय सेवेनं ठिकाण आणि काम यांनुसार आजारांची यादी करावी. अमुक उंचीवर अमुक काळ राहिलेल्याला हे आजार; तोफखान्यात आणि रणगाड्यांवर काम केलेल्याला बहिरेपण; दहशतवादविरोधी मोहिमेत राहिलेल्याला मनाचे हे विकार. यादीत बसला की सेवेशी संबंध गृहीत धरायचा. तो नाही असं म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. अशी यादी करण्याइतकं ज्ञान आपल्याकडे आहे. त्यातलं बरंचसं आपल्याच डॉक्टरांनी मिळवलेलं आहे. रक्तदाब आणि मधुमेह यांवरही तीत काटेकोर लिहा. त्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही.

दुसरी मागणी कागदाची. नकार द्यायचा असेल तर बोर्डानं कारण लिहावं, आणि ते माणसाला समजेल अशा भाषेत, म्हणजे आमच्या माणसाला मराठीत, सांगावं. निवृत्तीच्या दिवशी त्याच्या संपूर्ण वैद्यकीय नोंदींची प्रत, भरतीच्या पहिल्या तपासणीपासूनची, त्याच्या हाती द्यावी. यात उपकार काही नाही. त्याच्याच शरीराची ती माहिती आहे. माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरला उपचार करताना त्या नोंदींचा जितका उपयोग होईल तितका कुठल्याच महागड्या तपासणीचा होणार नाही.

तिसरी मागणी अपिलांची. ज्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिलेला आहे, त्याच मुद्द्यावर आजारी माणसाविरुद्ध पुन्हा अपील करायचं असेल, तर त्या फाईलवर एका जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि कारण असावं. आज हरलेल्या अपिलाचं उत्तर कुणालाच द्यावं लागत नाही.

पेन्शनशिवाय औषधोपचाराचाही प्रश्न आहे, तो थोडक्यात सांगतो. 1 एप्रिल 2003 पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे आणि अनेकांचा जीव तिनं वाचवलाय. पण खासगी हॉस्पिटलांची बिलं थकली की कॅशलेस उपचार बंद होतात, आणि डोंगरातल्या गावातून पहाटे निघालेला म्हातारा रेफरल हातात घेऊन परत येतो. बिलं वेळेवर देणं हा पैशापेक्षा शिस्तीचा प्रश्न आहे, आणि शिस्त तुमच्या खात्याला शिकवायची गरज नसावी. मनाच्या आजारासाठी पॉलिक्लिनिकमध्ये एक तरी माणूस मराठीत बोलणारा, शक्यतो स्वतः फौजेतून आलेला असावा. आमच्या माणसाला डॉक्टरसमोर रडता येत नाही. आपल्यातल्या माणसासमोर तो बोलू शकेल.

हे सगळं आत्ताच का, असं आपण विचाराल. कारण 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेतले बहुतेक जवान चार वर्षांत घरी येतात. त्यांना पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. अपंगत्वाची भरपाई आहे, पण ती सेवेमुळे झालेल्या अपंगत्वासाठी. बर्फावरून येणारा आजार काही चार वर्षांच्या कराराकडे पाहून येत नाही. तिशीतल्या पोराला त्रास सुरू झाला तर तो जुन्या मेजरांसारखा पेन्शनच्या आधारावर वीस-तीस वर्षं खटला लढू शकणार नाही. मेडिकल बोर्डाचा तो एका ओळीचा शेरा त्याच्यासाठी अखेरचा ठरेल.

तेव्हा पुढच्या 14 जानेवारीला आमच्या जिल्ह्यात आपल्याकडून शाली आल्या नाहीत तरी चालेल. त्याच्या आधी आजारांची ती यादी काढा आणि पर्रीकर समितीच्या अहवालावर आपल्या मंत्रालयानं काय केलं ते संसदेत सांगा. दोन्हीला नवा कायदा लागत नाही. आपली सही पुरते.

कळावे,

आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक डॉक्टर